पयली सही पोरीची

नवरा मुलगा पेनचं टोपण काढून कागदावर वाकला, की तिची दोन बोटं पुढे यायची. कागद टेबलावरच अर्धा फिरायचा आणि नवरीसमोर जाऊन थांबायचा. नवऱ्याचं पेन हवेतच राहायचं.

"पयली सही पोरीची," ती म्हणायची.

आवाज चढवायची नाही. गाडीत शेजारच्याला जरा सरकायला सांगावं, तसं सांगायची. नवरा आपल्या आईकडे बघायचा, आई माझ्याकडे बघायची आणि मी स्टेपलरमध्ये पिना भरायला घ्यायचे. तोवर नवरीची सही होऊन गेलेली असायची.

वसईला प्रभाग कार्यालयाच्या समोरच्या गल्लीत माझं छोटं ऑफिस आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं आणि सगळ्यांत जास्त विवाह नोंदणी. माझं काम इतकंच, की कागद असे तयार करायचे की समोरच्या खिडकीवरून परत येऊ नयेत. त्यासाठी भिंतीवर यादी लावली आहे. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, लग्नाची पत्रिका, विधीचा फोटो, साक्षीदार, आणि शेवटी लग्न लावणाऱ्याची सही. यादी समोर असली की माणसं कमी भांडतात, हा माझा अनुभव आहे.

ती आली ती या शेवटच्या ओळीमुळे. जूचंद्रच्या एका जोडप्याला मी विचारलं, "भटजींची सही?" तर मुलीने दाराकडे बोट केलं. दारात काटक, सावळी, साठी ओलांडलेली बाई चपला काढत होती. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, काखेत कापडी पिशवी.

"भट मंगलाष्टका बोलून गेला. त्याला दुसऱ्या मांडवात जायचा व्हता," ती म्हणाली. "लगीन मी लावलंय."

ती धवलारीण होती. आगरी घरांतल्या लग्नात धवले गातात, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हळद लावण्यापासून मुलगी सासरच्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ते म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ते म्हणणारी ती धवलारीण. जुन्या माणसांच्या मते लग्न तीच लावते, भटजी नंतर आले.

मी कागद तिच्या नावाने केला. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "मॅडम, पुरोहिताच्या जागी बाईंचा फोटो लागलाय." मी म्हटलं, लागलेला नाही, लावलाय. त्याने साहेबांना विचारलं. साहेबांनी धवलारिणीकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या आजोबांचं लग्न अशाच एका आजीने लावलं होतं." कागद पुढे गेला. प्रमाणपत्राच्या प्रतीत मात्र तिच्या नावामागे 'श्री.' छापून आलं. मी दुरुस्ती करून आणते म्हटलं, तर तिला ते आवडलं होतं. "राहू दे गो बाय. जिंदगीत एकदा श्री झाले."

त्यानंतर ती वरचेवर येऊ लागली. मी तिला मावशी म्हणायचे. चहा घ्यायची नाही, पाणी मात्र मागून घ्यायची, आणि माझ्या यादीवर तिचा कायम राग.

"एवढा लिवलंय भिंतीवर. नवरा कसा हाय ते कुठं लिवलंय?"

"त्याचा पुरावा लागत नाही, मावशी."

"तेच तर."

ऑफिसात ती कधी गायली नाही. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीने एकदा फार आग्रह केला, मोबाइल पुढे धरला. ती म्हणाली, "बोहल्यावर बस, मंग गाते." मुलीने मोबाइल खाली ठेवला.

कायद्यातलं तिला फारसं कळत नव्हतं, आणि जे कळतंय असं वाटायचं ते बऱ्याचदा चुकीचं असायचं. लग्नानंतर मुलीला नाव बदलावंच लागतं, नाहीतर सरकार लग्न मानत नाही, असं ती प्रत्येक नवरीला सांगत होती. मी म्हटलं, असं कुठेही नाही, माहेरचं नाव ठेवलं तरी चालतं. तिने काखेतली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग मी इतक्या पोरींना उगाच सांगितलं." पुढच्या खेपेपासून ती नवरीला माझ्यापुढे उभी करायची: "नाव बदलायचा का नाय, ते हिला इचार. मी आडानी हाय." बायकोचा नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांची जबाबदारी, नवऱ्यामागे वारसा, असे प्रश्न मग ती एकेक करून आणायची. स्वतःसाठी कधीच नाही. तिचा नवरा मिठागरावर कामाला होता, तो कधीच वारला होता, तरी कुंकू तिने सोडलं नव्हतं, आणि त्यांच्या लग्नाचा कागद असण्याचा प्रश्नच नव्हता.

कागद फिरवायची सवय मात्र तिला सुरुवातीपासून नव्हती. ती भाविकाच्या प्रकरणानंतर लागली.

भाविका खाडीपलीकडच्या गावची. तिचं लग्न जूचंद्रच्या मुलाशी ठरलं. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडे हळदी लागल्या, आणि त्याच रात्री टाळेबंदी जाहीर झाली. मांडव होता, आचारी होता, पण सकाळी गावाच्या नाक्यावर पोलीस उभे. चार माणसांत लग्न उरकून घ्या, असं पुष्कळांनी सांगितलं. मुलाचा बाप तयार होईना. त्याच्या घरात हजार माणसं जेवल्याशिवाय आजवर लग्न झालं नव्हतं. "चार डोक्यांत लगीन लावायला माझा पोरगा काय पलून चाललाय?" असं तो म्हणाला.

पण अंगाला हळद लागलेली मुलगी माहेरी किती दिवस ठेवणार? हळद उतरवली तर पुढे तिचं कसं जमणार? दोन्हीकडच्या मोठ्यांनी फोनवर बसून ठरवलं, मुलीला आत्ता घरी आणायची आणि बंदी उठली की थाटात लग्न करायचं. धवलारिणीला विचारलं. ती हो म्हणाली. तिनेच उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, तिनेच भाविकाचा हात धरून तिला आत घेतलं आणि घरात येण्याचं गाणं म्हटलं. मधली सगळी गाणी, लग्न लागण्याची, राहिली. ती नंतर म्हणायची होती.

बंदी उठली तेव्हा मुलाचे आजोबा वारले. वर्ष सरलं तेव्हा घराचा वरचा मजला चढत होता. मग धाकट्या बहिणीचं लग्न आधी आलं. दरम्यान भाविकाला मुलगी झाली आणि तिच्या बारशाला हजाराच्या वर माणसं जेवली. सगळं गाव भाविकाला सून म्हणत होतं, म्हणून लग्न राहिलंय हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

लक्षात आलं ते मुलाच्या. त्याचा डंपरचा धंदा बरा चालला होता. त्याला दुसरी मुलगी पसंत पडली, आणि एका दुपारी तो भाविकाला म्हणाला, "आपला लगीन कुठं झालाय?"

तो खरं बोलत होता, अडचण तीच होती.

भाविका आणि तिची आई माझ्याकडे आल्या तेव्हा तिला माहेरी जायला सांगून झालं होतं, कपडे दोन गोण्यांत भरून ओट्यावर ठेवून झाले होते. ती मुलीला घेऊन तरीही त्याच घरात राहत होती, पण आज बाहेर गेलं तर परत आत घेतील की नाही, याची तिला खात्री नव्हती. आईला मागच्या तारखेची नोंदणी हवी होती. मी सांगितलं, न झालेल्या लग्नाची नोंदणी हा गुन्हा आहे, माझ्याकडे होणार नाही.

"तुमच्याकडं नको. दुसरीकडं व्हतंय," आई म्हणाली. "फक्त लगीन लावनारीची सही पायजे."

तिने धवलारिणीला बोलावलंच होतं. ती आली, चपला काढल्या, पाणी प्याली. आईने कागद पुढे केला.

"हलद मी लावली," धवलारीण म्हणाली. "घरात मी घेतली. लगीन मी लावला नाय."

"कोनाला कळनार हाय?"

"मना कळंल."

"आमची पोर रस्त्यावर आली तरी चालंल, पन हिचा शब्द खाली पडता कामा नये," आई माझ्याकडे वळून म्हणाली. "हिच्या गावचा पोरगा हाय ना, म्हनून. त्याच्या बापानं सांगितला असंल."

धवलारीण भाविकाकडे बघत होती, आणि भाविका तिच्याकडे बघत नव्हती. भाविकाची मुलगी माझ्या टेबलावरचे रबर स्टँप एकावर एक रचत होती.

मला त्यांचं भांडण सोडवायचं नव्हतं. मी एक कोरा कागद घेतला आणि जे करता येण्यासारखं होतं ते लिहून दिलं. रेशन कार्डावर भाविकाचं नाव चढलंय का, मुलीच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव आहे का, दवाखान्याचे कागद, बारशाचे फोटो, शेजाऱ्यांची नावं. लग्न न होता दोघं नवरा-बायकोसारखे एका घरात राहिले असतील, तर त्या बाईलाही छपराचं आणि खर्चाचं संरक्षण मिळू शकतं. कायदा आहे. वसई कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे त्यांना पाठवलं. आईचा विश्वास बसला नाही. भाविकाने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

वकीलबाईंनाही साक्षीला धवलारीण नको होती. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं एकत्र राहिले म्हणजे लग्न झालंच असणार, असं धरून चालायला कोर्टात वाव असतो. ही बाई येऊन सरळ 'नाही' म्हणाली, की तो वाव गेला. पण भाविका घरात कशी आली, हे बघितलेलं आणि बोलायला तयार असलेलं दुसरं कोणी नव्हतं. शेजारी सगळे ऐन वेळी कामात होते.

साक्षीच्या दिवशी मी माझ्या दुसऱ्या कामाने कोर्टात होते, मागच्या बाकावर बसले. धवलारिणीने लग्नाला नेसायचं लुगडं नेसलं होतं. मुलाच्या वकिलाला ती साक्षीदार फारच पसंत पडली.

"लग्न तुम्ही लावता?"

"हो."

"या दोघांचं लावलंत?"

"नाय लावला."

वकील खूश होऊन न्यायाधीशांकडे बघायला लागले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना आणखी हवं होतं.

"मग या बाई त्या घरात कोण म्हणून राहत होत्या?"

"सून म्हनून."

"लग्नाशिवाय सून?"

"ते त्याच्या बापाला इचारा. त्याला हजार मानसा जेवायला पायजे व्हती."

कोणीतरी हसलं. मुलाचा बाप बाहेरच्या ओट्यावर होता, त्याने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. न्यायाधीशांनी मान वर केली आणि स्वतः विचारलं, "तिला घरात कोणी आणलं?"

"मी आनली, सायेब. बापानं सांगितला, मी आनली. उंबऱ्यावर माप मी ठेवला. पोरगा आत पाटावर बसला व्हता, त्याच्या बाजूला बसवली. त्यानं उठ सांगितला नाय. त्याच्या आईनं वटी भरली. आता म्हनतात कोन हाय ही. मी सांगते ना, मी आनली. काढायची असंल तर पयले माज्याशी बोला."

निकाल आला. भाविकाला त्या घरातून काढता येणार नाही, मागच्या दारच्या खोलीचा ताबा तिचा, तिचा आणि मुलीचा खर्च मुलाने द्यायचा. लग्न झालेलं नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या ऑफिसात बसून मी भाविकाला आणि धवलारिणीला ते वाचून दाखवलं, कारण वकीलबाईंना वेळ नव्हता.

"म्हणजे मी त्याची कोण?" भाविकाने विचारलं.

मी म्हटलं, या कायद्यापुरतं तुमचं राहणं लग्नासारखं धरलंय. पण बायको म्हणून नाही. तो उद्या दुसरं लग्न करू शकतो. वारसा तुमच्या मुलीला आहे, तुम्हाला नाही.

भाविका धवलारिणीला म्हणाली, "तुज्या एका सहीचा फरक व्हता, आये." आणि मुलीला उचलून निघून गेली.

धवलारिणीला पाणी दिलं, ते ती प्याली नाही. जाताना म्हणाली, "सही पोरीची पायजे व्हती गो. तवाच. माझी नाय." आणि पिशवी उचलली.

त्यानंतर तिने जी जी लग्नं लावली, त्यांतल्या प्रत्येक जोडप्याला ती पुढच्याच आठवड्यात स्वतः घेऊन यायची. एखाद्याच्या आईने, "देवदर्शन तर होऊ दे" म्हटलं, तर म्हणायची, "देव कुठं जात नाय." आणि टेबलावरचा कागद फिरवायची. मी तिला एकदा समजावलं, की सही आधी कोणाची आणि नंतर कोणाची याला कायद्यात काही अर्थ नाही. दोघांच्या झाल्याशी कारण.

"तुज्या कायद्यात नसंल," ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.

भाविका तिच्याशी बोलत नव्हती. दोघींची घरं एका आळीत. वाटेत समोर आल्या तर भाविका बाजूला होऊन वाट द्यायची, वडीलधारीला द्यावी तशी, आणि तोंड फिरवायची. हे मला धवलारिणीनेच सांगितलं, तक्रार न करता. "वाट देते पन," ती म्हणाली.

मग एक दिवस तो मुलगाच माझ्या ऑफिसात आला. बरोबर नवी नवरी, लग्न हॉलमध्ये झालेलं, मोठ्या डीजेत, धवल्यांशिवाय. कागद सगळे नीट होते. अविवाहित म्हणून लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. मी इतरांसारखीच त्यांची फाइल केली. तुम्ही काय केलं असतं, मला माहीत नाही. माझ्या यादीत त्याला नाही म्हणायला जागा नव्हती.

धवलारीण दुसऱ्या एका जोडप्यासाठी आलेली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. त्याने तिला बघितलं आणि तो सहीची घाई करू लागला. पेन काढलं, कागदावर वाकला. ती उठली. मला वाटलं, आता काहीतरी होणार, म्हणून मी पाण्याचा ग्लास टेबलाच्या कडेवरून आत घेतला. दोन बोटं आली. कागद फिरला.

"पयली सही पोरीची."

"मावशी, तू नको मधी पडू."

"गप ऱ्हा."

नवी मुलगी गोंधळली होती, पण तिने सही केली. धवलारिणीने तिला विचारलं, "झाली? पूर्ण नाव लिवलंस ना?" आणि परत जाऊन खुर्चीवर बसली. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, भाविकाला कळलं तर?"

"कळू दे. ह्या पोरीनं काय केला हाय?"

भाविकाला कळलंच. गावात कोण काय म्हणालं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात धवलारिणीचा आवाज बसला. आधी तिने मिठाच्या गुळण्या केल्या, मग घशाचे फोटो काढले, आणि मग कोणी काही सांगेना. तिने लावलेल्या शेवटच्या लग्नाची नोंदणी राहिली होती. मुलगा-मुलगी दोघंही मुंबईला नोकरीला, त्यांनी रजा मिळत नाही म्हणून लांबवलं होतं. लग्न लावणारीची सही हवी, आणि ती काही येऊ शकत नव्हती. मी कागद घेतले आणि त्या दोघांना घेऊन रविवारी जूचंद्रला गेले.

ती पडवीत खाटेवर बसली होती. फार वाळली होती. कुंकू मात्र तेवढंच मोठं होतं. मला बघून हसली, हात हलवला. बोलता येत नव्हतं. आत चुलीपाशी कोणीतरी पेज ढवळत होतं. ती वाटी घेऊन, हात न धुता बाहेर आली, तेव्हा दिसलं, भाविका. त्या दोघी कधीपासून बोलायला लागल्या, की बोलल्याच नाहीत आणि ही नुसतीच येऊ लागली, मी विचारलं नाही. भाविकाने वाटी बाजूला ठेवली आणि धवलारिणीच्या मांडीवर सुपासारखा पसरट पाट आणून ठेवला, लिहिता यावं म्हणून.

मी कागद पाटावर ठेवला. लग्न लावणाऱ्याच्या जागेवर बोट ठेवून दाखवलं. तिने सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली, पण वाचता येत होती. नवरा मुलगा चटपटीत. त्याने खिशातून पेन काढलं आणि उरलेलं काम उरकायला वाकला.

दोन बोटं उठली. कागद फिरायला या वेळी वेळ लागला, कारण पाटावर तो नीट सरकत नव्हता. आम्ही कोणी मदत केली नाही. कागद नवरीसमोर आला. धवलारिणीने तोंड उघडलं, तोंडातून नुसती हवा आली.

नवरीला काय करायचं ते कळेना. तिच्याजवळ पेनही नव्हतं.

भाविकाने पेजेचे हात पदराला पुसले, नवऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि नवरीला दिलं.

"पयली तुझी," ती म्हणाली.